उन्हाळ्यात गेमिंग पीसीचा प्रोसेसर तापतोय?

मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा ४५ अंशांवर जातो. खोली १० अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. त्यामुळे आधी एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचा आकडा बघा. गेम खेळताना ८५ पर्यंत ठीक. ९५-१०० ला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळतो.

कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून खेळून बघा. तापमान ८-१० अंशांनी उतरलं तर दोष हवेच्या वाटेत आहे: जाळ्या धुळीने बुजल्यात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं.

काहीच फरक नाही? मग थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता त्याच्यावरच्या कूलरकडे नेणारा लेप, वाळली असेल. पीसी दहा मिनिटं चालवून बंद करा, प्लग काढा, कूलर हलका पिळत उचला. एएम४ सॉकेटमध्ये (एएमडी प्रोसेसर बसवायची एक खाच) सरळ ओढला तर प्रोसेसरही उपटून येतो, पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी मटाराच्या दाण्याएवढी लावा, स्क्रू आलटूनपालटून तिरपे आवळा.

आणि खोली थंड करणाऱ्या पाण्याच्या कुलरचा झोत कॅबिनेटवर कधीच सोडू नका. ओलाव्याने धूळ चिकटते, बोर्ड गंजतो.