गणपतीपासून संक्रांतीपर्यंत: शाकाहारी धावकाची मुंबई मॅरेथॉनची तयारी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. म्हणजे तिची तयारी गणपतीच्या आसपास सुरू होते, नवरात्र-दिवाळीत ऐन भरात येते आणि संक्रांतीच्या आठवड्यात संपते. शाकाहारी घरातल्या धावकाला हे पंचांग सरावाच्या तक्त्याइतकेच जवळ ठेवावे लागते, कारण या साडेचार महिन्यांत त्याचे ताट अनेकदा बदलणार असते. ‘वरण-भातावर बेचाळीस किलोमीटर कसे निघणार?’ असे विचारणारे घरोघरी भेटतात. ते निघतात, मात्र ऑक्टोबरात शरीर घडवणारे अन्न शर्यतीच्या आदल्या रात्री पोटात गेले, तर तेच घात करते. माझ्या मते शाकाहारी धावकाने सर्वांत आधी हे शिकावे.

धावण्याआधी देणगीचे काम मार्गी लावावे. या मॅरेथॉनच्या निमित्ताने अनेक स्वयंसेवी संस्था निधी उभारतात आणि त्यांच्यामार्फत ‘चॅरिटी बिब’, म्हणजे संस्थेसाठी धावणाऱ्याचा छातीवर लावायचा क्रमांक, घेऊनही धावता येते. मात्र पूर्ण मॅरेथॉनसाठी आधीच्या शर्यतीतील वेळेची अट असू शकते, ती त्या वर्षीच्या नियमावलीत वाचून घ्यावी. संस्था निवडताना तिचा ताजा वार्षिक अहवाल पाहावा आणि तिच्याकडे ८०जी नोंदणी, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी, आहे का, हे विचारावे. देणगीदारांना दोन गोष्टी आधीच सांगितल्या की पुढचा रुसवा टळतो: २००० रुपयांहून अधिक देणगी रोखीत दिल्यास ८०जीची वजावट मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ती मुळीच मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांकडून पैसे घ्यायचे असतील, तर संस्थेला परदेशी निधी स्वीकारण्याची परवानगी असावी लागते. सोसायटीच्या ग्रुपवर एकच निरोप टाकून फारसे काही जमत नाही, असा माझा अनुभव आहे. प्रत्येकाला वेगळा फोन करावा आणि ‘हे पैसे तुलाच मिळणार का?’ या काकूंच्या प्रश्नाचे उत्तर न चिडता द्यावे.

सराव सुरू करताना दहा-बारा किलोमीटर न थांबता धावता येत असावेत. आठवड्यातून चार दिवस धावणे आणि दोन दिवस मांड्या, पोटऱ्या व कंबरेचे व्यायाम एवढे पुरते. रविवारची लांब धाव चौदा किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला दोन-दोन किलोमीटरने वाढवावी, दर चौथ्या आठवड्यात ती मुद्दाम कमी करावी आणि डिसेंबरच्या अखेरीस, म्हणजे शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी, तीस-बत्तीस किलोमीटरची सर्वांत मोठी धाव पूर्ण करावी. ही धाव शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने व्हावी. त्यानंतर अंतर घटवत न्यावे.

आता ताट. लांब पल्ल्याच्या धावकाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९६ ग्रॅम. तीस ग्रॅम तुरीच्या डाळीच्या वरणातून सहा-सात ग्रॅमच मिळतात, त्यामुळे एका वाटीवर भागत नाही. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून सुमारे पंचवीस ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमधून सुमारे अठरा ग्रॅम आणि त्यावर दही, उसळ, पिठले, शेंगदाणे असे दिवसभर विभागून घेतले की बेरीज जमते. भाकरी-पोळीतली प्रथिनेही हिशेबात धरावीत. ती लोक विसरतात.

प्रथिनांपेक्षा लोहाची काळजी अधिक घ्यावी. वनस्पतीजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते आणि लांब धावणाऱ्यांचे लोह घामावाटे आणि पावलांच्या सततच्या आघाताने रक्तपेशी फुटल्यामुळे थोडे-थोडे खर्च होत राहते. पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये ही तूट वाढते. मोड आलेली मटकी, अळिवाचे लाडू आणि पालेभाज्या ताटात असाव्यात, उसळीवर लिंबू पिळावे, आणि जेवणाला लागूनच चहा घेण्याची सवय सोडून मध्ये किमान तासाभराचे अंतर ठेवावे. सराव सुरू करतानाच हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासून घ्यावे, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा आटलेला असू शकतो. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही आणि इडली-डोसा आंबवला म्हणून त्यात ते भरवशाने येते, असेही नाही. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

उपास करणाऱ्यांनी ते सोडावेत, असे मी म्हणणार नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यामुळे हलक्या धावेसाठी तो चालतो. त्याच्या जोडीला दही, राजगिरा आणि वरई ठेवावी. नवरात्रात नऊही दिवस उपास असतील, तर त्या आठवड्याला अंतर कमी करण्याचा आठवडा ठरवावा. निर्जळी उपासाच्या दिवशी मात्र लांब धावू नये.

दीड तासापेक्षा जास्त धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, कारण स्नायूंतील साठा शेवटपर्यंत पुरत नाही. एका मध्यम केळ्यात पंचवीस-एक ग्रॅम मिळतात. बिया काढलेला खजूर आणि मीठ लावलेले उकडलेले लहान बटाटेही छान चालतात. चिक्की मात्र तोंड कोरडे पाडते आणि राजगिऱ्याची वडी धावताना शर्टावरच जास्त सांडते. बाजारातील चघळण्याच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकते, म्हणून पाकिटावर हिरवी खूण पाहूनच त्या घ्याव्यात. काहीही असो, शर्यतीत खायचे ते आधी किमान चार लांब धावांत खाऊन पाहावे.

लांब धावेच्या आदल्या रात्री काय खाऊ नये, हा धडा मी महागात शिकलो. अठ्ठावीस किलोमीटरच्या धावेच्या आदल्या रात्री, प्रथिनांच्या उत्साहात, मी मटकीची उसळ दोन वाट्या खाल्ली. एकोणिसाव्या किलोमीटरला पोटात जी कळ आली ती उघडे शौचालय सापडेपर्यंत थांबली नाही. सकाळी सहाला असे शौचालय शोधण्यात गेलेली वीस मिनिटे मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून शेवटचे दोन दिवस उसळी, पालेभाज्या, कोशिंबिरी आणि बाजरीची भाकरी बाजूला ठेवावी. याच आठवड्यात संक्रांत येते. भोगीची लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली भाकरी सोमवार-मंगळवारी आली तर जरूर खावी, शुक्रवार-शनिवारी नको. या दोन दिवसांत वजनाच्या दर किलोमागे सात-आठ ग्रॅम कर्बोदके घेता आली तर उत्तम. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम असतात, तेव्हा मऊ भात, बटाटा आणि बेताचे तूप घातलेली गूळपोळी यांवर हे सहज जमते. शनिवारचे मोठे जेवण दुपारी करावे आणि रात्री हलकेच खावे.

पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास सुटते, तेव्हा अडीचच्या आसपास काहीतरी खावे लागते. मी मेतकूट-भात खातो. ज्यांना त्या वेळी भात जात नाही त्यांनी जॅम लावलेला ब्रेड आणि केळे घ्यावे. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहिले दोन तास गारव्यात जातात आणि पाय आपोआप जास्त वेगाने पडतात, तिथेच आवरावे. मार्ग अधूनमधून बदलतो, त्यामुळे त्या वर्षीचा नकाशा पाहून पेडर रोडसारखा चढ कितव्या किलोमीटरला येतो ते लक्षात ठेवावे आणि तसाच चढ दमलेल्या पायांनी सरावात चढून पाहावा. तहानेप्रमाणे पाणी प्यावे आणि सोबत मीठ-साखरेचे पेय घ्यावे, कारण नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते.

शर्यत संपल्यावर तासाभरात खारे ताक किंवा दूध आणि केळे घ्यावे. वरण-भात घरी गेल्यावर. सोमवारी जिना उतरताना कठडा धरावा लागेल, तरी त्याच दिवशी प्रत्येक देणगीदाराला आपली वेळ कळवावी आणि ज्यांनी कबूल करून पैसे भरलेले नाहीत त्यांना संस्थेची लिंक पुन्हा पाठवावी. पदकाचा फोटो सोबत असला की बहुतेक जण भरतात.