म्हातारपणी जेवण मऊ करताना या चुका टाळा

कवळी टोचायला लागली की आजी-आजोबांचं ताट बदलतं. भाकरी, उसळ, पालेभाजी जाते. उरतो गुरगुट्या भात, पातळ वरण आणि दूध-बिस्किटं. सगळं मायेपोटीच होतं. पण मोठ्या आतड्यातले जीवाणू जगतात चोथ्यावर (फायबरवर), आणि नेमका तोच ताटातून जातो. चोथ्यातून हे जीवाणू ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं आणि दाह आटोक्यात राहतो.

आयर्लंडमध्ये कॉर्कच्या संशोधकांनी 178 वृद्धांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध केला. घरी राहणाऱ्यांच्या पोटात जीवाणूंची विविधता जास्त होती. शुश्रूषागृहात दीर्घकाळ राहणाऱ्यांत ती घटलेली, आणि अशक्तपणाही त्यांच्यातच अधिक. तिथे आजारी माणसं जास्त असणारच, हे खरं. पण तिथे गेल्यावर आधी आहार बदलला आणि जीवाणू मागाहून बदलले. म्हणून ‘वय झालं, चालायचंच’ हे मला पटत नाही.

तेव्हा जेवण मऊ करा, पण चोथा काढू नका. आधी कवळी नीट बसवून घ्या. मूग मोड आणून कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्या. ज्वारीची भाकरी ताकात कुस्करा. लाल भोपळा, मेथीचं गरगट, नाचणीची आंबील हे सगळं बिनदातांनीही खाता येतं. ताक मात्र ताजं द्या. कढी उकळली की त्यातले जीवाणू मरतात.

दुसरी चूक उत्साहाची. सोमवारी उसळ सुरू, मंगळवारी पोट फुगलं, बुधवारी पुन्हा गुरगुट्या भात! सुरुवात दोन चमच्यांनी करा, आठवड्याने वाढवा. गॅस झाला तर प्रमाण कमी करा, बंद करू नका. इसबगोल भरपूर पाण्याशिवाय कधीच देऊ नका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जीवाणूंची, कॅप्सूल हवीच, असंही नाही. इस्रायलमधल्या 2018 च्या एका प्रयोगात ती घेणाऱ्यांचे मूळचे जीवाणू उलट उशिरा परतले. ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही जीवाणूंची घडी बदलते. त्या वर्षानुवर्षं चालू असतील तर अजून लागतात का, हे डॉक्टरांना विचारा. परस्पर थांबवू नका.

आणि शौचाची सवय अचानक बदलली, रक्त दिसलं किंवा वजन उतरू लागलं, तर ताटात बदल करत बसू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.