जुने खड्डे पाहून सोन्याचा माग काढताय? या चुका टाळा

"डोंगरावर ओळीने खड्डे दिसले, सोन्याची जुनी खाण असेल का?" मुंबईच्या ट्रेकर मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. मुंबई, ठाणे, रायगडपुरतं उत्तर सोपं आहे: नाही. इथला काळा कातळ, बसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गोठलेला लाव्हा. कर्नाटकातलं सोनं अडीच अब्ज वर्षांच्या आसपासच्या खडकांत, बहुतेक गारगोटीच्या शिरांमध्ये सापडतं. सह्याद्रीतला खड्डा बहुधा पाण्याचं टाकं निघतो किंवा दगडाची खाण, आणि कोकणात चिरेखाण. नदीची वाळू घोळवली की तळाशी काळी रेती उरते आणि लोक हुरळतात. त्यावरून चुंबक फिरवा, बरीचशी चिकटेल. ते बसाल्टमधून सुटलेलं मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज.

खरे खड्डे पाहायचे तर गदगजवळचा कप्पतगुड्डा, रायचूर जिल्ह्यातली हट्टी किंवा कोलार. तिथे गेल्यावर होणाऱ्या चुका वेगळ्या.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे सगळ्यात जास्त सोनं

खड्डा मोठा होतो तो बऱ्याचदा खडक कुजून मऊ झाला होता म्हणून, किंवा पाणी जवळ होतं म्हणून. यंत्रांचे अवशेष पाहूनही भुलू नका. १८८०च्या सुमारास नीलगिरीतल्या देवाला-पंदलूर भागात लंडनमध्ये शेअर विकून कंपन्या उभ्या राहिल्या आणि गारगोटीत सोनं किती हे नीट तपासण्याआधीच दगड कुटायच्या गिरण्या आल्या. थोड्याच वर्षांत बहुतेक सगळं बसलं.

ढीग न मोजणं

ही सर्वांत महागडी चूक. खड्ड्याशेजारचा ढीग हा जुन्या माणसाचा हिशेब असतो आणि तो टेपने वाचता येतो. फोडलेला दगड जागेवरच्या दगडापेक्षा साधारण ३० ते ५० टक्के जास्त जागा घेतो. समजा खड्डा ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, ४ मीटर खोल. म्हणजे २४ घनमीटर खडक निघाला, ढीग ३४ घनमीटरच्या जवळपास हवा. समोरचा शंकूसारखा ढीग ३ मीटर त्रिज्येचा आणि १.२ मीटर उंच असेल तर तो भरतो जेमतेम ११. बाकीचं गेलं कुठे? बहुधा कुटायला नेलं, म्हणजे खोदणाऱ्याला त्यात सोनं मिळत होतं. आसपासच्या कातळावर कुटण्या-दळण्याचे गुळगुळीत खळगे दिसले तर शंका उरत नाही.

उलट ढीग खड्ड्यापेक्षा फारच मोठा असेल तर दोन शक्यता: खड्डा नंतर बुजलाय, नाहीतर खाली आडवे बोगदे आहेत. दुसरी शक्यता गृहीत धरूनच पाऊल टाका. जुना ढीग पावसाने वाहून खचतो, त्यामुळे थोड्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. निम्म्याहून जास्त तफावत असेल तरच बोला.

ढिगातले दगडही पाहा. गोटे गुळगुळीत असतील तर तो नदीचा जुना गाळ, सोनं कुठून तरी वाहत आलेलं. कोपरे धारदार आणि गारगोटीवर गंजाचे डाग असतील तर शीर जवळच आहे.

शोधाचे खड्डे आणि खाणीचे खड्डे एकच समजणं

उतारावर गुडघाभर खोलीचे, मूठभर ढिगाचे खड्डे ओळीने दिसले तर ती खाण नव्हे, तो तपास आहे. शोधणारा खालून वर जात प्रत्येक खड्ड्यातली माती धुऊन सोन्याचे कण मोजतो. कण वाढत जातात तसे खड्डे दाट होतात, आणि एके ठिकाणी कण एकदम बंद होतात. शीर असते ती शेवटच्या चांगल्या आणि पहिल्या रिकाम्या खड्ड्याच्या मध्ये. तिथेच चर खणलेला दिसेल. लोक सगळ्यात वरच्या खड्ड्यापाशी थांबतात. तो नेमका रिकामा असतो.

"इथे सोनं संपलं" असं मानणं

पुष्कळ जुनी खोदकामं भूजलाच्या पातळीशी थांबली. पाणी उपसायची सोय नव्हती, आणि त्याखाली सोनं गंधकाच्या खनिजांत अडकलेलं, नुसतं धुऊन न सुटणारं. खड्डा थांबला म्हणजे शीर थांबली असं नाही.

माती धुताना

अंगठी, बांगड्या काढून ठेवा. सोन्याचा कीस नमुन्यात पडला की सगळं वाया. झवेरी बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडून चिमूटभर कीस आणून घरी सराव करायला हरकत नाही, झारेकरी राखेतून सोनं काढतात ते तंत्र हेच. पण सरावाची परात वेगळी ठेवा. दर वेळी मातीचं माप सारखंच, ५ लिटर, २ मिलिमीटरच्या चाळणीतून. पाण्यात साबणाचा एक थेंब, नाहीतर बारीक सोनं तरंगून जातं. १० पटींच्या भिंगाखाली कण पाहा: खडबडीत, गारगोटी चिकटलेला कण जवळचा, चपटा आणि कडा घासलेला लांबून आलेला. सावलीत चमक गेली तर अभ्रक, सुईने दाबल्यावर चुरा झाला तर पायराइट, म्हणजे सोन्यासारखं दिसणारं लोह-गंधकाचं खनिज. सोनं दबतं, तुटत नाही.

पाहणं, मोजणं, फोटो काढणं इथवर ठीक. १९५७च्या खाण आणि खनिज कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सोन्याचा शोध घेता येत नाही, आणि कप्पतगुड्डा तर अभयारण्य आहे. नमुना घ्यायचाच तर परवानाधारक पथकासोबत.

उभ्या खड्ड्याच्या कडेला पालापाचोळ्याखाली कुजलेलं लाकूड असू शकतं. काठापासून लांब राहा, आत तर उतरूच नका. तळाशी हवा खराब असते आणि वास येतोच असं नाही. कोलारला कारखान्यातून निघालेल्या बारीक राखाडी मातीचे डोंगर दिसतील. ते सायनाइड वापरून सोनं काढून झाल्यावर टाकलेले आहेत. ते खणू नका, चाळू नका आणि वाऱ्याच्या दिवशी त्यांची धूळ उडून येते त्या बाजूला उभे राहू नका.