किरण दिलेले उंदीर थंडीत गारठतात? तपकिरी चरबीच्या प्रयोगात या चुका टाळा

तपकिरी चरबी म्हणजे मेद जाळून शरीराला ऊब देणारी चरबी. किरणोत्सर्गाचे किरण दिलेल्या उंदराचं शरीर थंडीत तापेना, की दोष लगेच किरणांवर टाकला जातो. खरं कारण बऱ्याचदा खाण्याच्या भांड्यात असतं.

पूर्ण शरीराला 4-5 ग्रे (शोषलेल्या किरणांचं एकक) मात्रा मिळाली की आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा दुखावते, उंदीर खाणं कमी करतो. पोटात अन्न नसलं की तपकिरी चरबीकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक (आपोआप चालणाऱ्या) नसा मंदावतात, तिला चेतवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन कमी सुटतं आणि तिथल्या यूसीपी-1 या प्रथिनामुळे तयार होणारी उष्णता घटते. म्हणून कंट्रोल (तुलनेसाठीचे) गट दोन हवेत. दोन्हींना किरण न देता, किरण देताना उंदीर ठेवतात त्याच डबीत तितकीच मिनिटं ठेवा. त्यातल्या एकाला पोटभर खाऊ द्या. दुसऱ्याला किरणांच्या गटानं आदल्या दिवशी जेवढं खाल्लं, तेवढंच तोलून द्या. हा दुसरा गट नसेल तर किरणांबद्दल निष्कर्ष काढूच नये.

उंदराला थंडी वाजू नये म्हणून सुमारे 30 अंश लागतात. म्हणजे 22 अंशांच्या एसी खोलीतला ‘साधा’ उंदीर आधीच थंडीत आहे. त्यात कोल्हापुरात जानेवारीची पहाट 15 अंशांच्या आसपास, तर एप्रिलची दुपार 37 च्या घरात. एसी नसेल तर या दोन महिन्यांतल्या बॅचची तुलना करू नका. किमान-कमाल थर्मामीटर पिंजऱ्याच्या उंचीवर लावा. भुसा आणि पिंजऱ्यातली संख्याही सारखीच ठेवा. चार उंदीर एकमेकांना बिलगून बसले की थंडी बरीच कमी लागते.

किरण आधी की थंडी आधी, हे नोंदवहीत स्पष्ट लिहा. 4 अंशांत ठेवल्यावर पहिल्या काही दिवसांत चरबीतल्या पूर्वपेशी (ज्यांच्यापासून नव्या चरबीपेशी बनतात) झपाट्यानं विभागतात, आणि विभागणाऱ्या पेशींनाच किरणांचा जास्त फटका बसतो. तीन-चार आठवडे थंडी सोसलेल्या उंदरात मात्र तपकिरी चरबीची ऊती आधीच तयार झालेली असते. हे दोन्ही गट एकाच तक्त्यात घालू नका.

खांद्यांच्या पाट्यांमधला तपकिरी चरबीचा गोळा नुसता तोलून भागत नाही. थंडीच्या सुरुवातीला त्यातला मेद जळतो, वजन घटतं, रंग गडद होतो. उष्णता देण्याची ताकद मात्र वाढत असते. चिकटलेली पांढरी चरबी काढा, मग पूर्ण गोळ्यातलं एकूण प्रथिन आणि यूसीपी-1 मोजा. नॉरअ‍ॅड्रेनलिन टोचून उष्णता मोजण्याची चाचणी हॅलोथेन या भूल देणाऱ्या वायूखाली घेऊ नका, ते ही उष्णताच दाबतं. पेंटोबार्बिटल हे भुलीचं औषध वापरा.

किरण देणारं यंत्र कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी धातूचं असेल तर त्या दिवसाचा मात्रादर (दर मिनिटाला किती ग्रे मिळतात तो) मागून घ्या. तो दरमहा सुमारे 1 टक्क्यानं उतरतो. वर्षापूर्वीच्या तक्त्यावर वेळ ठरवली, तर 5 ग्रेच्या जागी 4.4 ग्रेच पोहोचतात.