दम लागणाऱ्या मुलाचे पाय आधी बळकट करा

माझ्या मुलाला लहानपणीच्या न्यूमोनियानंतर ब्रॉन्किएक्टेसिस झाला. त्याच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावल्या असून त्यांत कफ साठत राहतो. दुसरीत असताना जत्रेला गेलो की देवळाच्या पायऱ्यांवर तो मध्येच बसायचा आणि आम्ही त्याला उचलून घ्यायचो. पीटीच्या तासाला त्याला वर्गातच बसू द्या, अशी चिठ्ठी मीच शाळेला दिली होती. त्या चिठ्ठीचं मला आजही वाईट वाटतं.

फिजिओथेरपिस्टने तपासलं तेव्हा कळलं की फुप्फुसांच्या आधी त्याच्या मांड्या दमत होत्या. न वापरलेला स्नायू थोड्याशा कामातही लवकर आम्ल तयार करतो. मग श्वास वाढतो, हृदय धावू लागतं आणि मूल खाली बसतं. आपण त्याला आणखी जपतो, स्नायू आणखी सुकतात. पाय बळकट झाले की त्याच पायऱ्यांसाठी हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. फुप्फुसांची झालेली हानी व्यायामाने भरून येत नाही, हे मात्र मनाशी पक्कं ठेवा.

आधी डॉक्टर. ही पायरी गाळू नका. रक्तातला ऑक्सिजन बराच काळ कमी राहिला तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यांतून रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि तो बाहेरून दिसत नाही. म्हणून छातीच्या डॉक्टरांना विचारा: इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, गरज आहे का? सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन किती उतरतो, ते बघाल का? ऑक्सिमीटरवर कोणत्या आकड्याला आम्ही थांबायचं? तो आकडा कागदावर लिहून घ्या. प्रत्येक मुलाचा वेगळा असतो.

मग तयारी. कफ काढण्याचा रोजचा व्यायाम आधी उरकावा. डॉक्टरांनी व्यायामापूर्वी इनहेलर सांगितला असेल तर साधारण पंधरा मिनिटं आधी, स्पेसर (औषध नीट आत जावं म्हणून इनहेलरला जोडायची पोकळ नळी) लावून द्यावा. जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या. पाच मिनिटं अंगणात चालणं, हात फिरवणं. एकदम जोरात सुरुवात केली की श्वासनलिका आवळतात. शेवटीही तसंच हळूहळू थांबायचं, कारण काही मुलांना दम थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी लागतो.

प्रत्यक्ष व्यायाम. जिम नको. आम्ही चार गोष्टींनी सुरुवात केली. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं. सोप्याच्या पायरीवर एक-एक पाय ठेवून चढ-उतार. भिंतीला हात टेकून जोर. आणि दोन्ही हातांत पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या घेऊन त्या खांद्यापर्यंत उचलणं. प्रत्येकी आठ वेळा, एकच फेरी, मध्ये मिनिट-दोन मिनिटं विसावा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. पंधरा वेळा सहज जमू लागलं की दुसरी फेरी, त्यानंतरच एक लिटरची बाटली, म्हणजे साधारण एक किलो. वजनाने मुलांची उंची खुंटते, असं आजी-आजोबा काळजीने म्हणतील. नीट शिकवलेल्या, देखरेखीखालच्या व्यायामाने तसं होत नाही.

श्वास कधीही कोंडू द्यायचा नाही. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. आमच्याकडे उठताना मोठ्याने आकडे म्हणायचे, हा नियम आहे. आकडा म्हणताना श्वास आपोआप बाहेर पडतो. मध्येच एक पूर्ण वाक्य बोलायला लावा. बोलता येत नसेल तर वेग कमी करा.

ताबडतोब थांबा: छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळसर दिसले किंवा ठरलेल्या आकड्याखाली ऑक्सिजन गेला तर. विश्रांतीने सुधारलं नाही किंवा मूल बेशुद्ध पडलं तर १०८ ला फोन. तापात आणि कफ वाढलेला असताना सुट्टी, मग पुन्हा एका फेरीपासून.

आपल्या गोव्यातली हवा सांभाळावी लागते. पावसाळ्यात भिंतीला बुरशी आलेल्या खोलीत व्यायाम नको. कोरडी, वारा खेळणारी जागा निवडा. नरकासुराच्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी फटाक्यांचा धूर असतो, तेव्हा सरळ विश्रांती. अगरबत्तीही व्यायामानंतर लावा. मे महिन्यात पहाटे करा आणि पाणी जवळ ठेवा. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत घट्ट कफ साठणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलांच्या घामातून मीठ फार जातं, त्यांना मीठ किती वाढवून द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. या आजाराच्या दोन मुलांना एकत्र व्यायाम करायला लावू नका, एकमेकांचे जंतू लागतात.

नोंद ठेवा. महिन्यातून एकदा, एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठतो ते मोजा. सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. माझा मुलगा गेल्या दसऱ्याला मिनिटात १६ वेळा उठत होता, शिगम्याला २३ वेळा. ती वही आम्ही दर तपासणीला सोबत नेतो आणि पुढच्या महिन्याचे आकडे तिथेच ठरतात. शाळेलाही नवी चिठ्ठी दिली आहे: त्याला खेळू द्या, दमला की स्वतः थांबू द्या, इनहेलर त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे.