जुनी गाडी घेताय? आधी रिकॉल बघा

एमएच-०९ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची सेकंड हँड कार कितीही चकाचक असली, तरी सदोष भागासाठी कंपनीनं ती परत बोलावली होती का, म्हणजे तिचा रिकॉल निघाला होता का, हे एजंट आपणहून सांगत नाही.

आरसीवरचा १७ अक्षरी चेसिस नंबर घ्या. गाडीवर ठोकलेल्या नंबरावरचं ग्रीस फडक्यानं पुसून एकेक अक्षर ताडून बघा. त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात. ‘ओ’ वाटला तर तो शून्य समजा. मग कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर नंबर टाका.

गाडी यादीत निघाली, तर कोल्हापुरातल्या उद्यमनगरातला मेस्त्री कितीही हुशार असला तरी अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच न्या. रिकॉलचं काम फुकट असतं. आधीच झालं असेल, तर जॉबकार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरनं केलेल्या कामाची नोंद, मागा.

आरसीवरचा आणि गाडीवरचा नंबर जुळत नसेल तर इसार देऊ नका.