एडीएचडीची गोळी सुरू करताना: पहिले काही आठवडे

एडीएचडी म्हणजे मुलाचं लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा. त्यासाठी डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेला पहिला डोस हा सहसा कायमचा डोस नसतो. मिथाइलफेनिडेट या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधाची सुरुवात मुद्दाम खालून करतात. थोडा वेळ टिकणारी गोळी असेल तर साधारण ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा किंवा दोनदा. मग दर आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅमने वर जातात आणि दिवसाला ६० मिलिग्रॅमला थांबतात. कुठे थांबायचं हे वजनावरून ठरत नाही. किरकोळ अंगाच्या मुलाला जास्त आणि थोराड मुलाला कमी डोस लागलेला सर्रास दिसतो. रक्ताच्या तपासणीतही तो आकडा सापडत नाही. तो सापडतो घरच्या आणि शाळेतल्या नोंदींमध्ये, म्हणून गोळीच्या आधी एक वही आणा.

१९९९ साली अमेरिकेत ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांवर १४ महिने चाललेल्या, एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या एमटीए अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात नेहमीच्या दवाखान्यांकडे सोपवलेल्या गटातल्या सुमारे दोन तृतीयांश मुलांना औषध मिळतच होतं. तरी ज्यांचा डोस काळजीपूर्वक शोधला, ज्यांची दर महिन्याला भेट होत होती आणि शिक्षकांकडून माहिती मागवली जात होती, त्यांची लक्षणं बरीच जास्त आटोक्यात आली. औषधं बहुतांशी तीच होती, फरक पाठपुराव्याचा होता.

गोळीच्या आधीचा आठवडा

मूल ६ वर्षांहून लहान असेल तर आधी त्याचं वागणं कसं हाताळायचं याचं पालकांना प्रशिक्षण देऊन पाहतात, औषध नंतर. त्यापुढच्या वयात दोन्ही बरोबर चालतं.

पहिल्या भेटीत उंची, वजन, नाडी आणि बीपी मोजून लिहून घेतलं जायला हवं. ते झालं नाही तर स्वतःहून मागा, कारण पुढची प्रत्येक तुलना याच आकड्यांशी होणार आहे. न विचारताही सांगायच्या गोष्टी अशा: पळताना किंवा खेळताना मूल कधी चक्कर येऊन पडलं आहे का, छातीत दुखतं किंवा धडधडतं का, जन्मापासून हृदयाचा दोष आहे का, घराण्यात कुणी तरुणपणी अचानक दगावलं आहे का. यातलं काही असेल तर आधी ईसीजी किंवा हृदयरोगतज्ज्ञांचं मत घेतात. नसेल तर सरसकट ईसीजीची गरज नसते. फिट्स, डोळे मिचकावण्यासारखे झटके, घरात कुणाला बायपोलर किंवा भ्रमाचा आजार, आणि चालू असलेली सगळी औषधं, अगदी सर्दीची गोळीसुद्धा, सांगा. नाक मोकळं करणाऱ्या सुडोएफेड्रिनने बीपी आणि नाडी दोन्ही वाढतात. ते आणि ही गोळी एकाच वेळी नकोत.

आता वही. ‘लक्ष लागत नाही’ हे मोजता येत नाही. त्याऐवजी तीनच गोष्टी निवडा आणि त्या मोजता येण्याजोग्या ठेवा: गृहपाठाला बसल्यावर पहिल्यांदा उठेपर्यंत किती मिनिटं गेली, सकाळी आवरताना एकच गोष्ट किती वेळा सांगावी लागली, वर्गात दिलेलं काम पुरं झालं की अर्धं राहिलं. सोबत भूक, झोप लागल्याची वेळ आणि संध्याकाळचा मूड. हे सगळं औषध नसताना सात दिवस लिहा. हा आठवडा गाळण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण तो गाळला तर महिन्याभराने ‘फरक पडला असं वाटतंय’ यापलीकडे काही सांगता येत नाही. शिक्षकांसाठी व्हँडरबिल्टसारख्या तयार प्रश्नावल्या असतात. एक आधी आणि मग प्रत्येक डोसला एक भरून घ्या. डोस कधी वाढवला हे शिक्षकांना आधी सांगितलं नाही तर शेरे अधिक निखळ येतात.

पहिली गोळी

सुट्टीच्या दिवशी सकाळी द्या, म्हणजे मूल दिवसभर तुमच्या नजरेसमोर राहील. मात्र परिणामाचा अंदाज सुट्टीच्या दिवसावरून बांधू नका. आवडीचा खेळ खेळताना लक्ष औषधाशिवायही लागतं.

आधी पोटभर न्याहारी, मग गोळी. थोडा वेळ टिकणारी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू होते आणि तीन-चार तास चालते. दिवसभराची गोळी प्रकाराप्रमाणे ८ ते १२ तास चालते आणि ती फोडायची, कुटायची, चावायची नसते. तसं केलं तर दिवसभराचं औषध एकदम अंगावर येतं. अशा काही गोळ्यांचं रिकामं कवच शौचातून जसंच्या तसं बाहेर पडतं. ते पाहून ‘गोळी पचलीच नाही’ असं समजू नका, औषध आतून निघून गेलेलं असतं. बारीक मणी असलेल्या काही कॅप्सूल उघडून मऊ, गार घासावर भुरभुरवता येतात. मणी मात्र चावायचे नाहीत. आपली कॅप्सूल त्यातली आहे का हे औषधविक्रेत्याला विचारूनच ठरवा. अॅटोमोक्सेटिन या एडीएचडीवरच्या दुसऱ्या औषधाची कॅप्सूल तर उघडायचीच नाही, आतली पूड डोळ्यांत गेली तर चुरचुरते.

गिळता येत नसेल तर आठवडाभर आधी सराव घ्या. ताठ बसवून साखरेच्या बारीक दाण्यापासून सुरुवात करा आणि जमेल तसा आकार वाढवत न्या. कॅप्सूल पाण्यावर तरंगते, म्हणून तोंडात पाणी घेऊन मान किंचित पुढे झुकवली की ती घशाकडे जाते. मान मागे टाकली की तिथेच अडकते.

मुलाला काय सांगायचं? खोटं नाही. जीवनसत्त्वाची गोळी म्हणून दिली तर एक दिवस ते वेष्टन वाचेल. ‘तुझं डोकं भराभर चालतं, या गोळीने थांबून ऐकणं सोपं जाईल, अभ्यास मात्र तुलाच करायचा आहे. कसं वाटलं ते तूच आम्हाला सांगायचं’ इतकं पुरतं. आणि मुलाने दंगा केला की ‘आज गोळी घेतली नाहीस का?’ हा प्रश्न घरात कुणीही, आजी-आजोबांनीसुद्धा, विचारायचा नाही. त्यातून मूल एवढंच शिकतं की चांगलं वागली ती गोळी आणि वाईट वागलो तो मी.

नोंदी कशा वाचायच्या

समजा, दुसऱ्या आठवड्यातलं एक पान असं आहे:

मंगळवार. गोळी ७:३०. बाईंचा शेरा: पहिले चार तास बसून लिहिलं. डबा अर्धा परत. ५:१५ ला बूट काढण्यावरून रडारड, पाऊण तास. झोप १०:४०.

हे वाचून घाईने डोस वाढवला जातो आणि इथेच चुकतं. दिवसाचं काम नीट झालं आहे, म्हणजे डोस बरोबर आहे. रडारड औषध उतरतानाची आहे, ती साधारण अर्धा-एक तास टिकते. उपाय डोसच्या आकड्यात नाही, कालावधीत आहे: जास्त वेळ चालणारा प्रकार किंवा दुपारी छोटा दुसरा डोस, आणि तोही डॉक्टरांनी ठरवायचा. तोवर त्या तासात गृहपाठ नको, खाणं आणि मोकळा खेळ असू द्या. उलट मूल दिवसा, औषध पूर्ण भरात असताना गप्प, कोरं, हसणं हरवल्यासारखं दिसलं तर डोस जास्त झाला आहे. ‘शांत झाला’ म्हणून त्यावर समाधान मानू नका. एकाच लक्षणाला वेळेप्रमाणे दोन वेगळे अर्थ असतात, म्हणून वहीत घड्याळ हवंच.

भूक दुपारी मरते आणि संध्याकाळी परत येते. जबरदस्तीने भरवण्यापेक्षा न्याहारी दणदणीत करा आणि रात्री भूक लागली की पुन्हा खायला द्या. डोकं किंवा पोट दुखणं बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत कमी होतं. झोप उशिरा येत असेल तर आधी जुनी पानं बघा. औषधाआधीही साडेदहाच वाजत होते का? नसतील तर शेवटच्या डोसची वेळ अलीकडे आणण्याबद्दल विचारा. सकाळची गोळी विसरली तर दुपारनंतर भरून काढू नका, त्या दिवशी सोडून द्या.

मिथाइलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी दिसतो. अॅटोमोक्सेटिनचं तसं नाही. ते वजनावर मोजतात, दर किलोला सुमारे ०.५ मिलिग्रॅमपासून १.२ पर्यंत, आणि फरक पडायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. दहाव्या दिवशी ‘काही होत नाही’ म्हणून बंद करणं ही त्यातली नेहमीची चूक. क्लोनिडिन आणि ग्वानफॅसिन ही एडीएचडीवरची आणखी दोन औषधं मात्र कधीच एकदम बंद करायची नाहीत, बीपी उसळतं. या दोन गोळ्या संपत आल्या की चार दिवस आधी हालचाल करा. मिथाइलफेनिडेटबाबत अडचण वेगळी आहे: ते आंतरराष्ट्रीय पातळीवर नियंत्रित औषध आहे, बऱ्याच ठिकाणी प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी लागते. गोळ्या मोजून, कुलपात ठेवा.

पुढच्या गोळीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठायचं ते या वेळी: छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, नसलेले आवाज किंवा माणसं जाणवणं, जीव द्यायची भाषा, थांबतच नाही अशी दुखरी लिंगताठरता (वयात येणाऱ्या मुलाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो लाजून गप्प बसेल), आणि अॅटोमोक्सेटिनवर असताना डोळे पिवळे किंवा लघवी गडद होणं.

डोस बसल्यावर वही रोज लिहायची गरज नाही. १० वर्षांखालच्या मुलाचं वजन दर ३ महिन्यांनी, उंची दर ६ महिन्यांनी, बीपी आणि नाडी दर ६ महिन्यांनी आणि शिवाय प्रत्येक डोसबदलाला मोजा. पहिल्या दोन-तीन वर्षांत उंची एक-दोन सेंटिमीटरने मागे राहू शकते. वाढीची रेष सपाट होत असेल तर दाखवा.

वर्षातून एकदा, औषधाची अजून गरज आहे का हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ते थांबवून तपासतात. त्यासाठी सुट्टी निवडू नका, परीक्षेचा आठवडाही नको. शाळेचे साधे, रोजच्यासारखे दिवस घ्या आणि तीच तीन मोजमापं त्याच वहीत पुन्हा लिहा.